देवीच्या नावे विम्याचं पत्र

विमा कंपनीच्या नोकरीची परीक्षा एकाच प्रश्नाची होती: नातेवाईक किती? टिळकवाडीतल्या कचेरीत साहेबांनी माझं शिक्षण विचारलं नाही. "पन्नास नावं पत्त्यांसकट आणा, नेमणूक पक्की," म्हणाले. मला याद्यांची खोड लहानपणापासूनची. बहिणीच्या लग्नाची आमंत्रणयादी घरी तयारच होती. तिची सुवाच्य नक्कल दुसऱ्याच दिवशी हजर केली. साहेबांनी नावं मोजली आणि माझ्याइतका होतकरू तरुण सबंध बेळगावात नाही, असं जाहीर केलं.

आठवड्यानं गेलो तर जागा भरलेली. बाकावरच्या आणखी सहा होतकरूंनाही तेच उत्तर मिळालं. सातही जणांच्या याद्या मात्र साहेबांच्या कपाटात सुखरूप होत्या.

मग टपाल सुटलं. प्रत्येक नातेवाइकाला छापील पत्र: "आपल्या पश्चात कुटुंबाचं काय होईल, या काळजीनं आपल्या आप्तानं आपलं नाव सुचवलं आहे." खाली आप्ताचं, म्हणजे माझं, नाव.

आमच्याकडे लग्नाचं पहिलं आमंत्रण देवाला. त्यामुळे यादीत पहिलं नाव येळ्ळूरच्या ग्रामदेवीचं. पन्नास मोजणाऱ्या साहेबांना ते वाचायला सवड कुठली? देवीच्या पश्चात काय होईल, ही काळजीही माझ्याच नावावर गेली. पुजाऱ्यानं पत्र भर देवळात वाचून दाखवलं.

शहापूरचा मामा हातमाग सोडून थेट घरी आला. आईला म्हणाला, "आक्का, तुझा ल्योक माझ्या मराणाची वाट बघतोय व्हय? देवीलासुदिक सोडलं न्हाय त्येनं! मी न्हाय येणार लग्नाला."

लग्न बारा दिवसांवर. मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण? आई रडायला बसली. मी मूळ यादी आणि पेन्सिल घेतली.

घरोघर जाऊन माफी मागितली आणि नावापुढे खूण करत गेलो. काहींनी चहा दिला, बहुतेकांनी शिव्या. शहापूर शेवटी ठेवलं. मामानं मागावरचा धोटा थांबवला नाही.

"समदीकडं गेलतास?"

"व्हय."

"देवीकडं?"

"पहिल्यांदा तिथंच."

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"मग विमा घ्यायच्या इचारात दिसती." धोटा थांबला. "येतो रं. पन परत माझं नाव कुठं लिहिलंस तर बघ."

मामा आला. बहिणीला बोहल्याकडे नेताना माझ्यापाशी क्षणभर थांबला आणि कानाशी पुटपुटला, "अजून हाय मी. कळीव तुझ्या कंपनीला."