जाळरेषेतला वळसा

डोळखांबच्या वरच्या अंगाच्या जंगलात मी आधी वनखात्याच्या रोजंदारीवर होतो, मग कायम झालो. नव्वदनंतरची ती वर्षं. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणं हे आमचं मोठं काम. वणवा पुढं सरकू नये म्हणून सात-आठ पावलं रुंदीचा पट्टा आपणच आधी जाळून ठेवायचा. खरं तर हे थंडी सरता सरता व्हायला हवं. पण वरून मंजुरी यायची ती मार्च संपताना, सागाचा पाला घोटाभर साठल्यावर आणि पाखरं अंड्यांवर बसल्यावर. कागदाला पाखरांचं काय पडलंय?

त्या वर्षी टोळीत आम्ही दहा जण होतो. पुढं शेजारच्या पाड्यावरची एक बाई खराट्यानं पाला ओढत होती. माझ्या आईच्या वयाची, सगळे तिला मावशी म्हणत. ती एकदम थांबली.

"पाऊल टाकू नको रे."

मला नुसता पाला दिसत होता. तिच्या बोटाच्या रोखानं बघत राहिलो, तेव्हा कुठं पाल्यात एक अर्धा मिटलेला डोळा दिसला. रातवा, पाल्याच्याच रंगाचं रात्रीचं पाखरू. संध्याकाळी ओढ्याकडून याची टकटक जन्मापासून ऐकत आलो होतो, पण दिवसाउजेडी कधी पाहिला नव्हता. घरटं असं नाहीच. उघड्या पाल्यावर दोन अंडी आणि त्यांवर मादी हनुवटी टेकून बसलेली.

"रेष चार पावलं वर घे," मावशी म्हणाली. "तेवढ्यानं काय बिघडत नाय."

खरंच काही बिघडलं नसतं. पण सकाळी गार्डनं दोरी ताणून दिली होती आणि बजावलं होतं, "साहेब बघायला येणार हायेत. रेष सरळ पायजे." माझं नाव कायमच्या यादीत घालतो असं तो दोन वर्षं सांगत होता. ती दोरी हलवायची माझी छाती झाली नाही. हे मी कुणाजवळ बोललो नाही. मावशीला मात्र ते कळलं असावं.

मी मधला मार्ग काढला. आम्हाला अक्कल एकच शिकवलेली होती: आगीपासून काही वाचवायचं तर त्याच्या भोवतीचं सगळं साफ करायचं. मी खराटा घेतला. मादी उडाली, पंख मोडल्याचं सोंग करत थोडी फरफटली आणि सागांआड गेली. अंड्यांभोवती चारी बाजूंनी दोन-दोन हात जमीन मी अशी झाडली की लाल माती लखलखीत दिसायला लागली. अंड्यांखालची चार पानं तेवढी ठेवली.

"आता ती लपंल कुठं?" मावशीनं विचारलं.

"जळण्यापरीस बरं ना गो मावशी?"

ती पुढं जाऊन पाला ओढायला लागली.

आग लावली. गोलाच्या कडेला येऊन ती दोन्हीकडून निघून गेली, अंड्यांना धग म्हणून लागली नाही. मी फार खूश होतो. दिवस मावळताना मुद्दाम परत बघायला गेलो, तर काळ्या राखेत तो लाल गोल आणि मधोमध ती बसलेली. रेषेच्या पार दुसऱ्या टोकावरून दिसली. इतक्या लांबून दिसली याचाच मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

सकाळी गोलात दोन डोमकावळे होते. मी धावत गेलो. कवचाचे तुकडे, पानांना चिकटलेला ओला बलक, बाकी काही नाही. ती उडून वाचली की तीही गेली, सांगता येत नाही.

दुपारी साहेबांची जीप खालच्या डांबरी रस्त्यावर आली. साहेब उतरले नाहीत. गार्ड कागद घेऊन पळत खाली गेला, बॉनेटवर सह्या झाल्या आणि जीप मुरबाडच्या दिशेनं निघून गेली. माझी सरळ रेष कुणी पाहिलीसुद्धा नाही.

यथावकाश मी कायम झालो. पुढं दोरी ताणायचं काम माझ्याकडे आलं. मंजुरी मार्चअखेरच येत राहिली. थंडीत द्या म्हणून मी दोनदा अर्ज केला, उत्तर आलं नाही. दोन हजारनंतर डोंगराची पलीकडची खासगी बाजू विकली गेली, जेसीबीनं करवंदीच्या जाळ्या मुळासकट उपटून प्लॉट पाडले. आधी संध्याकाळी दोन-तीन रातवे ऐकू यायचे. मग एकच. मावशीचे गुडघे गेले होते, ती कामावर येत नव्हती. एकदा तिच्या ओट्यावर बसलो असताना तिनं विचारलं, "औंदा ऐकलास का रे?"

"नाय."

तिनं मान हलवली. खराट्याचा विषय तिनं कधीच काढला नाही. तिनं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या मार्चमध्ये रेष काढत त्याच सागांपाशी आलो आणि दोरी चार पावलं वर घेतली. आता मला विचारणारं कुणी नव्हतं. बायांनी खराटे थांबवले.

"इथं काय हाय, दादा?"

मी पाल्यावर वाकलो, पान न् पान पाहिलं.

"काय नाय," म्हटलं. "वळसा घालून झाडा."