वर्तककाकांची जड बाजू

नवीन माणूस भेटला की वर्तककाका नाव, गाव, नोकरी यांच्या भानगडीत पडत नसत. ते विचारत, "टू-व्हीलर चालवता का? मग तुमची जड बाजू कुठली?" वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या हॉलमध्ये गणपतीची आरती नुकतीच संपलेली, लोकांच्या हातात खिरापत, आणि हे गृहस्थ एखाद्या भल्या माणसाला बाजूला घेऊन त्याची जड बाजू विचारताहेत, असं दृश्य आम्ही दर वर्षी बघत असू. मलाही त्यांनी तिथेच गाठलं. पुण्यात मी कॉलेजभर स्कूटर चालवली होती. त्या जोरावर वेलिंग्टनमध्ये मोटरसायकलच्या लायसन्सची टेस्ट द्यायला गेले आणि पहिल्याच फटक्यात नापास झाले. ही बातमी काकांपर्यंत कशी पोचली कोण जाणे.

"वळताना पाय टेकला ना? उजवीकडे?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्यांचा तिथेच टेकतो. ज्या बाजूला वळणं अवघड जातं ती जड बाजू. रविवारी हॉलच्या मागच्या कारपार्कमध्ये ये. नाश्ता करून ये, उपाशी पोटी वळता येत नाही."

रविवारी गेले तर काकांनी कारपार्कभर जुन्या जँडल्स मांडून ठेवल्या होत्या. जँडल म्हणजे आपली रबरी चप्पल. समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या एकेकट्या जँडल्स काका गोळा करत. जोडीतली एकच असल्याने ती कुणाला नको असते आणि तिच्यावरून गाडी गेली तरी कुणाचं काही बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला इंजिन बंद ठेवूनच गाडीवर बसवलं आणि हँडल पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगितलं.

"बघ, उजवा हात कुठे आला? पोटाशी. कोपर दुमडलं. याच हातात ॲक्सिलरेटर, याच हातात पुढचा ब्रेक. आता तो बिचारा गाडी वळवणार की सांभाळणार? आता डावीकडे फिरव. झाला की नाही हात मोकळा? शिवाय स्टँड डावीकडे. म्हणजे आपण चढतो डावीकडून, उतरतो डावीकडून, गाडी ढकलतो तीही डावीकडे उभं राहून. शरीराची सगळी ओळख त्या बाजूची. उजवीकडे कललं की त्याला परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. त्यात रस्त्यावर उजव्या हाताला समोरून येणारे ट्रक."

"मग डावखुऱ्यांचं काय?"

"ते तू शोध. टेस्टर आहेस ना?"

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा पगार घेते. त्या दिवसापासून काकांनी मला मंजिरी म्हणणं सोडलं, ते कायमचं. सराव संपत आला की ते ओरडत, "टेस्टर, जड बाजूला एक घास जास्त!" म्हणजे उजवीकडे आणखी एक गोल. गोल मारताना मी पुढच्या चाकाकडे बघत बसले की म्हणत, "खाली काय पडलंय तुझं? जायचंय तिथे बघ. मान वळली की गाडी वळते." हे खरं निघालं. पुढच्या खेपेला मी पास झाले आणि काकांनी सगळ्या हॉलला पेढे वाटले, जणू त्यांचीच मुलगी डॉक्टर झाली होती. त्यांची खरी मुलगी इरा ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात राहते आणि दोन चाकांच्या वाहनावर बसत नाही.

पोटापाण्यासाठी काका स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. जुन्या इमारती भूकंपात टिकतील का ते बघायचं त्यांचं काम. ही सवय ऑफिसात ठेवून यावी एवढं तारतम्य त्यांच्याकडे नव्हतं. कुणाकडे जेवायला गेले की पानावर बसायच्या आधी घराच्या भिंती आणि छत बघून घेत. यजमानीणबाईंचा चेहरा उतरला की धीर द्यायचे, "भेग दिसली म्हणून घाबरायचं नाही. आधी विचारायचं, जुनी का नवी? जुनी असेल तर तिच्याबरोबर खुशाल जेवा. नवी असेल तर मला फोन करा." मग वरण वाढायला सांगत.

त्यांचं एकच स्वप्न होतं. निवृत्त झालं की सुनंदाकाकूंना मागे बसवून, फेरीबोटीतून दक्षिण बेटावर उतरून, रस्ता संपतो त्या ब्लफपर्यंत मोटरसायकलने जायचं. त्यासाठी त्यांनी मोठी, रुंद सीटची गाडी घेऊन ठेवली होती. काकू डेकेअरमध्ये लहान मुलांना सांभाळत आणि काकांनाही साधारण तसंच सांभाळत. त्यांना मोटरसायकलची भयंकर भीती. बरीच वर्षं त्यांनी दाद दिली नाही. इराचं लग्न झालं तेव्हा म्हणाल्या, "आता पडले तरी चालेल. शिकवा कसं बसायचं ते." काकांना केवढा आनंद झाला होता.

मागे बसणाऱ्यालाही कला लागते. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपणही तिच्याबरोबर जायचं. घाबरून उलटीकडे अंग टाकलं की गाडी वळायला नकार देते. काकू हे मन लावून शिकल्या. ब्लफची तयारी म्हणून आम्ही तिघं अधूनमधून रविवारी रेमुटाकाच्या घाटातून पलीकडच्या फेदरस्टन गावाला जायचो, काका-काकू पुढे आणि माझी छोटी गाडी मागे. तिथे बाकावर बसून काकूंची थालीपिठं खायची आणि परत यायचं. घाटभर माझ्या डोळ्यांसमोर काकूंची पाठ असे. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ती ताठ होती. नंतर ती काकांच्या पाठीबरोबर प्रत्येक वळणावर अशी कलायची की मला त्यांचा हेवा वाटायचा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकांची गाडी उजव्या वळणावर बिघडायला लागली. हँडल अडखळे, इंजिन मध्येच गचके देई. त्यांनी केबल बदलली, टायर बदलले. मग एका रविवारी घाट उतरताना उजव्या वळणावर त्यांची गाडी वळलीच नाही. ती सरळ डावीकडच्या खडीत गेली आणि कठड्यापाशी कशीबशी थांबली. पुढच्या मोकळ्या जागेत आम्ही थांबलो. वारा इतका होता की हेल्मेट हातातून उडून जाईल. काकांनी आपलं काढलं आणि वळून काकूंवर ओरडले.

"उलटी झुकलीस ना? किती वेळा सांगितलं, उजवीकडे वळताना माझ्याबरोबर राहा म्हणून!"

"मी तुमच्याबरोबरच होते हो."

"मग गाडी काय आपोआप खडीत गेली?"

मी मध्ये पडले. "काका, काकू अगदी नीट बसल्या होत्या. मी मागे होते ना, मला दिसतं."

"तुला मागून जॅकेट दिसतं, टेस्टर. वजन कुठे जातंय ते चालवणाऱ्याला कळतं."

काकूंनी हेल्मेट काढलंच नाही. काचेच्या आत त्या रडत असाव्यात, पण वाऱ्यात कुणाच्याही डोळ्यांना पाणी येतं म्हणून मी विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांनी सराव सुरू केला. मी एकदा पीठ परत द्यायला गेले तर काकू सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसलेल्या, समोर टीव्हीवर बातम्या, आणि त्या उजवीकडे कलताहेत. मला बघून ओशाळल्या. म्हणाल्या, "माझीच जड बाजू आहे गं. जाईल सवयीने."

काकांचाही सराव चालू होता. आयुष्यभर लोकांना सांगितलेलं औषध त्यांनी स्वतःला द्यायला घेतलं. कारपार्कमध्ये जँडल्स मांडून उजवीकडे गोल, पुन्हा गोल, आणखी एक घास. "साठी आली की प्रत्येकाची जड बाजू आणखी जड होते," ते म्हणत. "सायन्स आहे हे." शर्टाची बटणं काकू लावून देत होत्या. लोणच्याच्या बरणीचं झाकणही त्याच उघडत होत्या. हाताला थंडी बाधली, एवढंच त्याचं स्पष्टीकरण. एका सकाळी माझ्यादेखत, सपाट कारपार्कमध्ये, चालण्याच्या वेगात असताना काका उजव्या बाजूला पडले. गाडी मी उचलली. ते बसूनच राहिले आणि डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा दाबून बघत राहिले. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो तिथे नव्हताच. नुसती कातडी होती.

पुढे तपासण्या झाल्या. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, तो आजार. सुरुवात उजव्या हातापासून झाली होती, आता तो थांबणार नव्हता. औषधाने मरण थोडं लांबतं, टळत नाही. डॉक्टरीणबाई भली होती. खुर्ची जवळ ओढून म्हणाली की आधी आला असतात तरी फारसं वेगळं झालं नसतं. हे तिने दिलासा म्हणून सांगितलं असावं.

परत येताना कार मी चालवत होते. काका पुढे बसले होते, काकू मागे. मोटरवे सोडला. मग काका म्हणाले, "म्हणजे भेग नवी होती."

मागून काकू म्हणाल्या, "म्हणजे मी नीटच बसत होते."

काका खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. जॉन्सनव्हिल आलं, घर आलं, काकूंनी त्यांना दंडाला धरून उतरवलं. ते काही म्हणाले नाहीत.

यानंतर कितीतरी महिने त्यांना बोलता येत होतं, म्हणून मी हे लिहितेय. इराला त्यांनी पासवर्ड सांगितले, मला चेनला तेल कसं द्यायचं ते पुन्हा एकदा सांगितलं, बघायला येणाऱ्या प्रत्येकाशी राजकारणावर वाद घातला. गाडी विकायला काढली तेव्हा घ्यायला आलेल्या तरुणाला विचारलं, "तुझी जड बाजू कुठली?" तो म्हणाला, "ऑल गुड, मेट," आणि गाडी घेऊन गेला. काकूंनी मात्र माझ्यासमोर दोनदा विषय काढून बघितला. एकदा भरवताना म्हणाल्या, "घाटात मी मागे असायचे तेव्हा..." काका म्हणाले, "पाणी दे." मला त्यांचा राग आला होता. माणूस मरायला टेकलाय म्हणून राग येत नाही असं काही नसतं. कदाचित त्यांना लाज वाटत असेल. कदाचित चुकलो म्हणणं एवढं मोठं झालं होतं की कुठून उचलावं ते त्यांना कळत नसेल. त्यांची एवढी सवय असूनही मला ते नक्की सांगता येणार नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला आवाज गेला. मान छातीवर पडू लागली म्हणून व्हीलचेअरला उशीचा आधार लावला. एका रविवारी काकूंचा फोन आला, "त्यांना कारपार्कमध्ये यायचंय. तुझी गाडी घेऊन ये." इरा आली होती. तिने जँडल्स मांडल्या, मांडता मांडता मला म्हणाली, "इज धिस हाऊ ही डिड इट?" मी हो म्हटलं. काकूंनी खुर्ची मधोमध उभी केली आणि मी काकांच्या भोवती उजवीकडे गोल मारायला लागले.

पहिल्या गोलातच लक्षात आलं की काकांना मी अर्धीच दिसतेय. समोरून गेले की त्यांचे डोळे कोपऱ्यापर्यंत माझ्यामागे यायचे आणि तिथेच अडकायचे. मान वळत नव्हती. मग काकू खुर्चीमागे गेल्या. त्यांनी काकांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि मी पुढे जाईन तसं उजवीकडे वळवत नेलं, जेवढं वळेल तेवढं. तिथून सावकाश परत आणून डावीकडून मला गाठलं. पुन्हा उजवीकडे. डोकं वळवताना काकूंचं सगळं अंग कलत होतं, घाटात कलायचं तसंच, त्यांच्याबरोबर. मी किती गोल मारले ते माहीत नाही. इराने थांब म्हणून हात केला तेव्हा थांबले. काकांच्या गालांवर पाणी होतं, पण त्या आजारात डोळे आपोआपही वाहतात.

पुढच्या पंधरवड्यात काका गेले. हॉलमधली माणसं आली. चांगलं बोलली. बऱ्याच जणांनी आपापली जड बाजू सांगितली.

सगळे पांगल्यावर एका संध्याकाळी मी काकूंकडे गेले. त्या सोफ्याच्या हातावर बसल्या होत्या, पण यावेळी दोन्ही पाय एकाच बाजूला होते. मला समोर बसायची खूण केली. मग म्हणाल्या, "मंजिरी, मी नीट बसायचे का गं?"

"नीट बसायचात काकू. त्या रविवारीही. मी मागून बघायचे ना."

"हो. तू तर तेव्हाही म्हणाली होतीस." त्यांनी सोफ्याच्या कापडावरची सुरकुती हाताने सरळ केली. "तुझ्याकडून नको होतं गं मला ते."