दगाआबांचा निम आणि भास्करभाऊंचा सिग्नल

शेजारी रेल्वेचा माणूस राहायला आला की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. पापड वाळत घालायचे अन् ओट्यावर बसून राहायचं, कान उघडे ठेवून!

आमचे शेजारी भास्करभाऊ सिग्नलचे मिस्त्री. आमच्या स्टेशनात दुसरी लाइन पडली, समोरून येणाऱ्या दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडावं म्हणून. सिग्नल कुठे उभे करायचे, ते भाऊंनी ठरवायचं.

भाऊंनी माझ्या अंगणात राखेचे रूळ काढले. माझे दोन तांबे म्हणजे गाड्या, मिरच्या म्हणजे सिग्नल. "खांबावरचा हात आडवा तर गाडी बाहेर थांबणार. खाली झुकला तर आत येणार."

"आणि चुकून झुकला तर?"

भाऊंनी तांब्यावर तांब्या आपटला. तांब्याला अजून पोचा आहे!

*

मालगाडीच्या बाजूचा सिग्नल रुळाकडेला राहणाऱ्या दगाआबांच्या निमाआड, म्हणजे कडुनिंबाआड दडायचा, ड्रायव्हरला दिसेना. आबा खोडाला मिठी मारून उभे. "मन्हा आजाना निम शे! तुन्हा खांब सरकाव!"

खांब सरकला, पार पुढे. स्टेशनातून सिग्नलचा हात खाली ओढायची तार आता आबांच्या गोठ्यामागून गेली.

*

साहेब तपासायला आला. लांबलेली तार बघून म्हणाला, "खात्री आहे?"

"पहिल्या क्रॉसिंगच्या पॅसेंजरनं माझी बायको माहेराहून येतेय, साहेब."

साहेबानं होकार दिला. रात्री मात्र भाऊ माझ्या अंगणात पुन्हा मिरच्या मांडत बसले!

*

त्या दिवशी स्टेशनवर माझं काहीच काम नव्हतं. म्हणून तर गेले! पॅसेंजर आत येईपर्यंत मालगाडीनं बाहेर थांबायचं. नवापूरकडून पॅसेंजर आत शिरत होती, पलीकडे मालगाडीचा धूर दिसत होता. मालगाडीच्या सिग्नलचा हात आडवा होता.

अन् तो हळूहळू खाली झुकला!

मालगाडी आत आली असती तर थेट पॅसेंजरवर. भाऊ लाल बावटा घेऊन रुळातून धावत सुटले, मागून मी. इंजिनानं किंकाळी फोडली, चाकं करकरली. गाडी गोठ्याशी येऊन थांबली.

गोठ्यामागे तारेला आबांची म्हैस बांधलेली, चाऱ्याकडे हिसके देत!

आबा खूश. "तार मजबूत शे, भाऊ! म्हैस वढी ऱ्हायनी, पन तुटनी नही!"

भाऊंनी दावं सोडलं अन् तसेच स्टेशनाकडे पळाले. फलाटावर यमुनावहिनी ट्रंकेवर बसलेल्या. भाऊंना धाप लागलेली, हातात बावटा तसाच.

वहिनींनी पदर सावरला. "इश्श! लोक बघताहेत. बायकोला घ्यायला कोणी एवढं धावत येतं का?"