कमळाचा मूळपुरुष

मांडवीच्या श्रीपती मास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. तीस वर्षं शाळेत शेजारी बसलेले शिक्षक बाजारात भेटले तरी हे विचारणार, "आपण कोण?" तरुणपणी मुलगी पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी देवळात तिला ओळखलं नाही. लग्न राहिलं ते राहिलंच. मात्र अठराशे वर्षांपूर्वीचा क्षत्रप राजा नाण्यावर दिसला, की नाकावरून नाव सांगतात.

मासे विकणाऱ्या कमळाला ते आवाजावरून ओळखतात, कारण ती रोज "मास्तर, बांगडं!" म्हणून दारात ओरडते. त्या दिवशी मात्र ती पाटी न घेता आली आणि तिनं पदराची गाठ सोडली. आत तिच्या देवघरातला मूळपुरुषाचा चांदीचा टाक होता. सासूच्या आधीपासून घरात त्याची पूजा चालत आलेली. मुलगा सूरज म्हणत होता, हा टाक नव्हे, जुनं नाणं आहे, देव्हाऱ्यातून काढ. पितरांना पान वाढायचा म्हाळ चार दिवसांवर आला होता.

"ह्यो आमचा मूळपुरुष हाय का न्हाय, येवढंच सांगा."

मास्तरांनी वाळलेलं गंध पाण्यानं सोडवलं. मागची अक्षरं घासून घासून गेली होती. पुढचं, एका बाजूनं कोरलेलं तोंड शाबूत होतं, मिशी, टोपी, नाकासकट. नाण्याबाबत ते आयुष्यात खोटं बोलले नव्हते, पण आज खरं सांगताना त्यांना फार वाईट वाटलं.

"हा रुद्रसेन. राजा होता. तुमचा कोणी नव्हे."

कमळानं टाक हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"त्याच्या घरचं कोन हाय आता?"

"कोणी नाही."

"मंग त्याला पान कोन वाढतो?"

मास्तर पुस्तकांच्या कपाटाकडे वळले.

"आमीच वाढतो की," कमळा म्हणाली. "नाव तेवढं ठावं नव्हतं. भटजी दरसाल अडायचा." तिनं नाव दोनदा घोकलं, टाक पुन्हा गाठीत बांधला आणि दारात थांबली.

"मास्तर, तुमच्या मागं हाय कोन?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"मंग तुमचाबी एक फोटू देऊन ठेवा."

दुसऱ्या दिवशी मास्तर फोटो स्टुडिओत गेले. फोटोग्राफर इकडे बघा, इकडे बघा म्हणून थकला, पण मास्तर बाजूच्या भिंतीकडे तोंड करून एका बाजूनंच बसले. नाक नीट यायला हवं होतं.