चष्मा लावून चालणारे आम्ही तिघं

एका वेळी एकालाच चष्मा आणि बाकीच्यांनी बाकावर बसून त्याच्याकडे पाहायचं, अशी जागा असली की किस्से साचायला वेळ लागत नाही. पांढुर्ण्याच्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये नेमकं हेच चालायचं. चष्मा म्हणजे व्हीआरचा. डोळ्यांवर तो डबा बांधला की समोर नदी, पूल, बाजार, काहीही दिसतं आणि त्यात वावरता वावरता व्यायाम होतो. बाहेरून मात्र एक माणूस रिकाम्या हवेत हात मारताना दिसतो.

आम्ही तिघं. तिघांनाही मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. मेंदूचा निरोप पायांपर्यंत धड पोचत नाही. मी सौसरला शाळेत गणित शिकवते. बोरगावचे प्रकाशभाऊ लाईनमन. वनिताताई मोहगावच्या. स्वभाव तिघांचा एकच, बसवत नाही. आणि आजार असा, की बसावंच लागतं.

* * *

प्रकाशभाऊंचा चालताना तोल जायचा. गावात बोलणं सुरू झालं की हा पिऊन राहिला. माणसानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. समजावून समजावून ते थकले. एकदा बसस्टँडवर ओळखीच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना सगळ्यांसमोर झापलं, सकाळी सकाळी लाज नाही वाटत का म्हणून.

भाऊ म्हणाले, "काय करू काकाजी, उतरूनच नाही राहिली."

हे सांगताना ते हसले, आम्हीही हसलो. मग ते उठले आणि खिडकीची ग्रिल धरून बराच वेळ बाहेर बघत राहिले.

* * *

याच भाऊंना आमच्या फिजिओ मीनल मॅडमनी चष्म्यातून एकदा उंच इमारतींमधल्या फळीवर उभं केलं. खाली शहर, बाजूनं तारा. भाऊ पाऊल उचलेनात. मॅडमना वाटलं, घाबरले. त्या समजावू लागल्या की हे काही खरं नाही, तुम्ही पडणार नाही.

"पडाचं भेव नाही मॅडम," भाऊ म्हणाले. "लाईन बंद केली का, ते विचारा पहिले."

 मॅडमनी भिंतीवरचं एक बटण खटकन दाबलं आणि म्हणाल्या, "केली बंद."

भाऊ आधाराला हात न लावता पार टोकापर्यंत गेले.

* * *

ऊन आणि एमएसचं जमत नाही. अंग तापलं की पाय मेणासारखे होतात. मे महिन्यात एका दुपारी मी चष्म्यातल्या भाजीबाजारात होते. वाकायचं, टोपलीतून भाजी उचलायची, असा व्यायाम. तेवढ्यात लाईट गेली. कूलर बंद, खोली तापली, पाय गेले. मॅडमनी धरून खुर्चीत बसवलं. मी इतकी चिडले की डोळ्यांत पाणी आलं. शाळेत उभं राहून शिकवणं सुटलं, जिना सुटला, आता हा खोटा बाजारही नीट होऊ नये? असं काहीबाही मी बडबडत होते.

वनिताताईंनी माझ्या मानेवर ओला टॉवेल ठेवला. विचारलं, "भाजी भेटली का?"

"नाही."

"मंग आज वरणावर भागवा."

* * *

वनिताताईंच्या सासूबाईंना हा आजार मान्यच नव्हता. पाय आज चालतो, उद्या चालत नाही, म्हणजे नक्की बाहेरचं काहीतरी. त्या सुनेला बाधा उतरवायला जामसांवलीच्या मारुतीला नेत. ताईही श्रद्धेनं जायच्या. एक दिवस सासूबाई सेंटरमध्ये आल्या, सुनेला हवेत हात फिरवताना पाहिलं आणि म्हणाल्या, मी म्हणत होती ना.

मॅडमनी वाद घातला नाही. ताईंना खुर्चीत बसवलं आणि चष्मा सासूबाईंनाच बांधला. समोर लाकडी पूल, खाली वाहतं पाणी. म्हातारी जागच्या जागी थिजली.

"वनिता, हात धर वं. पडली मी."

ताई उठल्या. काठी खुर्चीपाशीच राहिली. त्यांनी जाऊन सासूचा हात धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

सासूबाई अजूनही जामसांवलीला नेतात. फक्त आता एक नारळ चष्म्याच्या नावानंही फोडतात.

* * *

वनिताताईंचा संत्र्याचा बगीचा होता. लग्नानंतर स्वतःच्या हातानं लावलेला. पाय गेल्यापासून तिकडे जाणं झालं नव्हतं, वाट चढाची आणि दगडांची. नवऱ्याला, संजयभाऊंना, त्या रोज विचारायच्या. ते म्हणायचे, चांगला आहे. घरात मात्र संत्रं आलं नव्हतं.

मीनल मॅडमनी कुठूनसा चारही बाजूंचं चित्र घेणारा कॅमेरा मिळवला आणि संजयभाऊंना दिला. म्हणाल्या, बगीच्यातून हळूहळू चालत शूटिंग करून आणा, ताईंना चष्म्यातून दाखवू. संजयभाऊ टाळत राहिले. आज फवारणी, उद्या पाहुणे. शेवटी एकदाचं आणलं.

ताई दोन्ही बाजूंचे बार धरून उभ्या राहिल्या. चष्मा बांधला. मॅडम म्हणाल्या, जागच्या जागी पावलं टाका, झाडं मागे जातील. ताईंनी पावलं टाकली. मान डावीकडे वळली, उजवीकडे वळली. एक हात बारवरून सुटून वर गेला आणि हवेतच थांबला.  संजयभाऊ दाराशी उभे, नजर जमिनीवर.

बऱ्याच वेळानं ताई म्हणाल्या, "बगीचा मस्त हाये. कोनाचा हाये?"

 मॅडमनी संजयभाऊंकडे पाहिलं आणि चष्मा काढायला हात पुढे केला.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "चालतो अजून थोडं."