तांबड्या पाण्यातून सुटलेला फुगा

"जगताप, तुमचे नवे फुगे आधीच्यापेक्षाही वाईट निघालेत."

मंगळवारची सकाळ, पुण्याहून मॅडमचा फोन.

"गळतायत का?"

"गळत नाहीत. आतला गॅस लवकर झोपतोय. आधीच्या फुग्यांत सहा मिनिटं तरी जागा राहायचा, यांत चारच. मला वीस हवीत. आणि लेझर शनिवारी परत जातोय."

फोन ठेवला आणि भट्टीभोवती चकरा मारायला लागलो. मला बसून विचार करता येत नाही. बायको म्हणायची, तुमच्या पायाला भिंगरी आहे. त्या आठवड्यात भिंगरी जरा जास्तच फिरली.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नगरच्या एमआयडीसीत माझा काचकामाचा छोटा कारखाना होता. बर्नरवर काचेची नळी मऊ करायची, तोंडाने फुंकायची आणि लॅबला हवा तो आकार द्यायचा, हे माझं काम. कॉलेजांचे फ्लास्क, साखर कारखान्यांच्या लॅबसाठी कंडेन्सर, असा माल जायचा. मॅडम पुण्याच्या एका प्रयोगशाळेत फिजिक्सवाल्या. त्यांना नारळाएवढे, तोंडाला कॉक म्हणजे उघडबंद करायची तोटी लावलेले काचेचे फुगे हवे होते.

कशाला, ते त्यांनी मला दोनदा समजावलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. एमआरआयचं मशीन शरीरातल्या पाण्याकडून सिग्नल घेतं. फुप्फुसात सगळी हवा, म्हणून तिथे फोटो काळा येतो. मग झेनॉन नावाचा गॅस घ्यायचा आणि खास लेझरने त्याचे अणू एका दिशेला उभे करायचे, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात तसे. असा शिस्तीतला गॅस फुप्फुसात गेला की तिथलाही फोटो येईल, असा त्यांचा हिशेब. याला हायपरपोलराइज्ड गॅस म्हणतात. भानगड एवढीच की ही शिस्त टिकत नाही. लोखंडासारखं काही चुंबकी जवळ आलं की अणू पांगतात. मॅडम त्यालाच गॅस झोपला म्हणायच्या.

माणसांपर्यंत जायला अजून लई वेळ होता. आधी तयार गॅस माझ्या फुग्यात भरून वीस मिनिटं टिकतो हे दाखवायचं होतं. लेझर दुसऱ्या संस्थेकडून मागून आणलेला. शनिवारपर्यंत जमलं तर मुदत वाढणार होती, नाही तर मॅडमचं तीन वर्षांचं काम बंद.

लोखंड नको म्हणाल्या होत्या. मी चिमटेसुद्धा लाकडाचे वापरले. मग राहिलं काय? धुणं!

धुण्याचं काम रूथबाईंकडे. भिंगारच्या, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, चौदा वर्षं माझ्याकडे. सोनार दागिने उजळतो तशी त्या काच आधी रिठ्याच्या पाण्याने धुवायच्या, मग डिस्टिल्ड वॉटरने. शेवटी तांबड्या पाण्यात बुडवायच्या आणि परत खळखळून काढायच्या. तांबडं पाणी म्हणजे क्रोमिक अॅसिड. काचेवरचा तेलकटपणा, बोटांचे ठसे, सगळं खाऊन टाकतं. आमच्या धंद्यात काच तांबड्या पाण्यातून निघाली म्हणजे सोवळ्यात आली. माझ्या गुरूने मला हेच शिकवलं आणि मी त्याच्या वरताण होतो.

पहिली खेप एकदा तांबड्या पाण्यातून काढली होती. ती सहा मिनिटांवर अडली म्हणून दुसरी मी दोनदा बुडवायला लावली. ती चारवर आली.

"रूथबाई, दोनदा बुडवले होते ना? की हात आखडला?"

"दोनदा बुडवले, भाऊ. म्या खोटं कशाला बोलू?" त्या तिसऱ्या खेपेतला एक फुगा रिठ्याच्या पाण्यात घोळत होत्या. "मला तर वाटतंय, तांबड्या पान्यात जितकं जास्ती टाकतोय तितकं इस्कटतंय. एखादा न टाकता धाडून बघू का?"

माझं डोकंच फिरलं. "आता तुम्ही मला काच शिकवणार? सोडा ते. मॅडमच्या मालाला हात लावायचा नाही यापुढे. मी धुतो."

चार माणसं ऐकत होती. रूथबाईंनी हात पुसले. हातातला फुगा डिस्टिल्ड वॉटरने विसळला, फडक्यावर पालथा घातला आणि फ्लास्कच्या ढिगाकडे गेल्या.

बाकीचे चार फुगे मी स्वतः दिवसभर तांबड्या पाण्यात ठेवले. असे लखलखीत निघाले की मीच खूश. बुधवारी सकाळच्या एसटीने मांडीवर खोकं घेऊन पुण्याला गेलो. शिरूरपर्यंत खोकं चार वेळा उघडून बघितलं. शेजारचा म्हातारा शेवटी म्हणाला, "पिल्लं हायेत का काय आत?"

मॅडमनी गॅस भरला. पडद्यावर एक रेघ वर चढली, ती हळूहळू खाली यायला हवी होती. ती घसरगुंडीवरून आल्यासारखी खाली आली.

"दोन मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

"असं कसं होईल? मी स्वतः धुतलेत!"

"काच कुठली आहे?"

"आधीचीच."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "शुक्रवारी मी नगरला येते. मला तुमचं काम बघायचंय. नाही तर लेझरची पेटी बांधायला घेते."

गुरुवार कसा गेला सांगता येत नाही. दोन फ्लास्क फोडले. डबा तसाच परत नेला.

शुक्रवारी मॅडम जीपने आल्या. बर्नर बघितला, भट्टी बघितली, लाकडी चिमट्यांचं कौतुक केलं. मग मोरीपाशी गेल्या आणि थांबल्या.

"या बरणीत काय आहे?"

"क्रोमिक. आमचं तांबडं पाणी," मी छाती काढून सांगितलं. "तुमचा माल तर दिवसभर ठेवला होता यात."

मॅडम मोरीच्या कट्ट्यावरच बसल्या. "अहो जगताप! क्रोमियम कितीही धुतलं तरी थोडं काचेला चिकटून राहतं. आणि ते चुंबकी असतं. आम्ही लॅबमध्ये या कामाच्या काचेला क्रोमिक लावतच नाही. तुम्ही बाहेरून लोखंड हाकललंत आणि आतून चुंबकाचं सारवण घातलंत."

"पण तुम्ही सांगितलं नाहीत!"

"नाही सांगितलं. चूक माझी. मला वाटलं, साबणाने धुवत असाल. पण आता काय? उद्या शनिवार. नवा फुगा होईल?"

होणार नव्हता. फुगा फुंकल्यावर भट्टीत सावकाश थंड करावा लागतो, नाही तर तडकतो. घाई केली तर हातात तुकडे. मी परत चकरा सुरू केल्या.

"मॅडम," रूथबाई फ्लास्कच्या ढिगाकडूनच बोलल्या. "एक हाय."

त्या उठल्या, फळीवरून फडक्यात गुंडाळलेला, मंगळवारच्या रागात मी विसरून गेलेला फुगा काढला. "रिठ्यानं धुतलेला हाय, चांगल्या पान्यातून काढलेला हाय. तांबड्यात न्हाई गेला. भाऊ म्हनले हात लावू नको, म्हनून तसाच ठिवला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी बर्नरची नळी तपासायला लागलो. ती नळी ठीक होती.

तो फुगा मॅडमनी लगेच जीपने पुण्याला नेला. शनिवारी दुपारपर्यंत मी फोनपाशी उभा. तीन वाजता वाजला.

"जगताप, तेवीस मिनिटं! लेझर राहतोय. तो फुगा धुतला कुणी?"

"रूथबाईंनी."

"त्यांना फोन द्या."

रूथबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला, तीनदा "व्हय" म्हणाल्या आणि ठेवून दिला. मंगळवारी ज्या चार माणसांनी ऐकलं होतं ती सगळी तिथेच होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"रूथबाई, चुकलो मी. मॅडमचा माल यापुढे तुम्हीच धुवायचा."

"धुते की." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "पन भाऊ, मंगळवारीच सांगितलं हुतं."

त्यानंतर ऑर्डर घेताना मी एक प्रश्न न चुकता विचारायचो: काच कशाने धुवायची नाही? गिऱ्हाईक हसायचं, पण सांगायचं. आणि काम अडलं की चकरा मारायच्या आधी मोरीपाशी जायचो. तिथलं ऐकलं असतं तर मंगळवारीच दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. मी त्यासाठी पुण्याला जाऊन आलो.