हीटरचे पाईप

भिवंडीत गाडीचा हीटर कोण लावतो? माझ्या चुलतभावाने नेमकं हेच हेरलं. त्याचं गॅरेज अंजूरच्या रस्त्याला. बाबांच्या जुन्या जीपचे रेडिएटरचे आणि हीटरचे रबरी पाईप बदलायचं काम आम्ही त्यालाच दिलं. त्याने रेडिएटरचे तेवढे बदलले. हीटरच्या जुन्या पाईपांना काळं पॉलिश फासलं आणि सांगितलं, सगळे नवे. हीटर बंद असला तरी त्यांतून इंजिनाचं कढत पाणी फिरतंच, हे आम्हाला कुठे ठाऊक!

थोड्याच दिवसांनी पूर्णा गावाजवळ जीपमधून वाफ यायला लागली. बाबांनी बॉनेट उचललं आणि हीटरचा पाईप फुटला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात भाऊ भेटायला आला आणि सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "काका, वय झालं आता. गरम इंजिन उघडतं का कोणी?"

बाबांनी बँडेजचा हात चादरीखाली घेतला. मी हे सोडणार नव्हते.

हीटरचे पाईप मीच बदलले, शेलार गावात आमच्या अंगणात, इंजिन पार थंड झाल्यावर. चिकटलेला पाईप ओढला तर आतली नळी मोडते, म्हणून ब्लेडने उभा चिरला. बोटं पॉलिशने काळी झाली. नवे पाईप चढवून क्लिपा आवळल्या. मग गिऱ्हाइकांची गर्दी असते त्या वेळी जुने तुकडे घेऊन गॅरेजात गेले.

"दादा, हा नवा म्हणून तूच टाकलास ना?"

"हो. मग?"

"वाकव जरा."

तो हात लावेना. मी तुकडा शेजारच्या टेम्पोवाल्याला दिला. त्याने वाकवताच भेगा उघडल्या, तळवा काळा झाला. "अरे, ये तो पॉलिश मारा है!" म्हणत तो स्वतःच्या टेम्पोचं बॉनेट उघडायला धावला. बाकीचेही धावले.

भाऊ पुटपुटला, "घरातलं घरात बोलायचं होतंस."

"माझ्या बापाला हसलास ते चार लोकांत. मलाही चार लोक हवे होते."

पुढे गॅरेज बंद पडलं. भाऊ गोदामात ड्युटीला लागला. बाबा म्हणाले, "झालं ना आता? भाऊ हाय तो तुझा."

परवा एका लग्नात तो समोर आला. "कशी आहेस?" म्हणाला. मी शेजारी उभ्या बाबांची उजवी बाही कोपरापर्यंत वर सारली. बाबांनी ती पुन्हा खाली ओढली, पण तोवर त्याने बघितलं होतं. जेवायलाही थांबला नाही.